जवळची खेप आणि डिझेलचे गणित

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मुळात एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव होता, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. हॅम्बुर्गच्या ‘विडाल अँड सोन’ या कंपनीच्या मालवाहू गाड्या ‘टेम्पो’ नावाने विकल्या जात. तिच्याशी सहकार्याचा करार करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी उभी केली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. मंडईतून दुकानात भाजी, गोदामातून वखारीत पोती, जुन्या घरातून नव्या घरात संसार अशी पाच-पंधरा किलोमीटरांची खेप करणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीला मग आपण टेम्पोच म्हणू लागलो.

अशा जवळच्या खेपेसाठी गाडी घेणाऱ्याला एक प्रश्न नेहमी पडत आला आहे : इंजिन डिझेलचे घ्यावे की पेट्रोलचे? वरवर पाहता हा यंत्रशास्त्राचा प्रश्न आहे. गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास पाहिला तर मात्र दिसते, की आपल्याकडे त्याचे उत्तर बहुतेक वेळा पंपावरच्या दराने दिले. इंजिनाचा स्वभाव काय आहे, हे विचारण्याची वेळ फार उशिरा आली. या उत्तराची किंमत कुणी मोजली, तेही पाहण्यासारखे आहे.

लांब पल्ल्याचे यंत्र

रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन कसोटीला उतरले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त होते. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेलमध्ये केवळ हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. एवढा दाब सोसायचा तर यंत्र जाडजूड हवे. शिवाय सुरुवातीच्या इंजिनांत इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे, आणि तिच्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. त्यामुळे डिझेल इंजिन प्रथम कारखान्यांत आणि जहाजांत गेले. तिथे ते एकदा सुरू झाले की तासन्‌तास एकाच गतीने चाले.

रस्त्यावर यायला त्याला पाव शतक लागले. बेंझ कंपनीचे प्रोस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पूर्वज्वलन कक्षाचे पेटंट घेतले आणि कॉम्प्रेसरवाचून चालणाऱ्या इंजिनाची वाट मोकळी झाली. १९२३-२४ मध्ये बेंझ आणि मान या जर्मन कंपन्यांचे डिझेल ट्रक आले. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. आपल्या गॅरेजांत आजही ‘पंप-नोझल’चे काम करणारा मिस्त्री वेगळा असतो. त्याच्या धंद्याची सुरुवात इथे आहे.

या ट्रकांचा उपयोग लांबच्या, जड वाहतुकीसाठी होता. जवळच्या खेपा त्या काळी घोडागाड्या, पेट्रोलच्या छोट्या गाड्या आणि काही ठिकाणी चक्क विजेच्या गाड्या करत. ब्रिटनमध्ये पहाटे घरोघर दूध पोचवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या विसाव्या शतकात दीर्घकाळ रस्त्यावर होत्या. दर दहा-वीस पावलांवर थांबणाऱ्या गाडीला काय सोयीचे, हे तिथल्या दूधवाल्यांनी फार पूर्वी ओळखले होते.

आपल्याकडचे वळण

स्वातंत्र्याच्या आसपास भारतातले बहुतेक ट्रक अमेरिकी बनावटीचे आणि पेट्रोलवर चालणारे होते. १९५४ मध्ये टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला टाटा-मर्सिडीज डिझेल ट्रक बाहेर पडला. मद्रासमध्ये सिम्प्सन कंपनी पर्किन्स डिझेल इंजिने बनवू लागली आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील डॉज-फार्गो ट्रकांमध्ये ती बसू लागली. पाहता पाहता जड वाहतूक डिझेलवर गेली. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीसाठी ही निवड योग्यच होती.

महाराष्ट्रात डिझेल इंजिन आणखी एका वाटेने घरोघर पोचले होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात खडकीला उभी राहिली. विहिरीवरच्या पंपाला जोडलेले ‘ऑइल इंजिन’ खोलून पुन्हा जोडणारे कारागीर त्यामुळे तालुक्या-तालुक्यात तयार झाले. डिझेल इंजिन बिघडले तर दुरुस्त होईल, असा भरवसा गावात होता. गाडी घेणारा माणूस हा भरवसाही मोजतो.

छोट्या गाड्या मात्र बराच काळ पेट्रोलच्या होत्या. मूळ जर्मन ‘हॅन्सीट’ टेम्पो दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिनावर चाले आणि बजाजच्या तीनचाकी मालरिक्षाही तशाच होत्या. मग मॅटाडोर आली, पुढे डिझेलच्या तीनचाकी आल्या आणि डिझेल हळूहळू जवळच्या खेपेतही शिरले.

दराचा ओढा

याचे मुख्य कारण दर हे होते. इंधनाच्या किमती सरकार ठरवत असे. शेतीचे पंप, एसटी, रेल्वे आणि मालवाहतूक डिझेलवर अवलंबून, म्हणून डिझेल स्वस्त ठेवायचे. पेट्रोल हे मोटारवाल्यांचे इंधन, म्हणून त्यावर कर जास्त, असे हे धोरण होते. ते ठरवताना शेतकरी आणि एसटीचा प्रवासी डोळ्यांसमोर असेल. पण पंपावर गिऱ्हाइकाची जात विचारत नाहीत. स्वस्त डिझेल टेम्पोलाही मिळाले आणि आलिशान मोटारीलाही.

हा फरक किती मोठा होता? जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत. त्यामुळे मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैसे होते, तर डिझेल ४० रुपये ९१ पैसे.

आता एक हिशोब मांडू. समजा, एक टेम्पो दिवसाला ४० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धावतो, म्हणजे वर्षाला १२ हजार किलोमीटर. डिझेलवर १८ आणि पेट्रोलवर १३ किलोमीटरचे ॲव्हरेज धरू. २०१२ च्या दराने डिझेलचा वर्षाचा खर्च सुमारे २७ हजार रुपये, पेट्रोलचा सुमारे साडेसदुसष्ट हजार. फरक ४० हजारांचा. हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाला इतके पैसे सोडणे परवडणारे नव्हते. आता दोन्ही इंधने ८० रुपये लिटर धरून हाच हिशोब करा. डिझेलचा खर्च सुमारे ५३ हजार, पेट्रोलचा ७४ हजार; फरक साडेवीस हजार. म्हणजे डिझेलच्या फायद्यातला निम्मा इंजिनाचा होता आणि निम्मा धोरणाचा.

इंजिनाचा तो निम्मा वाटाही खराच होता. जुन्या साध्या डिझेल इंजिनाचे काही गुण जवळच्या खेपेलाही उपयोगी पडत. कमी फेऱ्यांवर त्याचा जोर चांगला, त्यामुळे भरलेली गाडी चढावर सहज उठते. सिग्नलला उभी असताना ते फार थोडे इंधन पिते. पेट्रोल इंजिनात हवेची वाट आवळून वेग कमी करावा लागतो आणि त्यात शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये फक्त इंधन कमी करायचे असते. तोटे होते ते थंड इंजिनाचे. जड इंजिन तापायला वेळ लागतो, हिवाळ्यात सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत थांबावे लागते, आणि नीट तापण्याआधीच खेप संपते. असे इंजिन अर्धवट जळलेल्या इंधनाचा धूर सोडते. पण त्या धुराचे बिल गाडीच्या मालकाला येत नसे.

अमेरिकेतले उदाहरण इथे ताडून पाहता येते. तिथे डिझेलवरचा संघीय कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे : गॅलनला पेट्रोलवर १८.४ सेंट, डिझेलवर २४.४ सेंट. तिथल्या टपाल खात्याने १९८७ ते १९९४ या काळात घरोघर टपाल वाटण्यासाठी ग्रमन कंपनीच्या लाखाहून अधिक खास गाड्या घेतल्या. दिवसभर शेकडो ठिकाणी थांबणाऱ्या त्या गाड्यांना बसवलेले इंजिन पेट्रोलचे होते. दराचा ओढा नसताना जवळच्या खेपेची निवड वेगळी पडू शकते, हे यातून दिसते.

छोटा हाथी

मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ ही छोटी चारचाकी आणली. पाऊण टन माल वाहणाऱ्या या गाडीत ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, १६ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा तो जणू अर्धा भाग होता. मोठे ट्रक शहराबाहेर थांबू लागले होते आणि आतल्या अरुंद रस्त्यांवर माल पोचवायला तीनचाकीपेक्षा भक्कम गाडी हवी होती. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले. २०१२ पर्यंत अशा दहा लाख गाड्या विकल्या गेल्या. अनेक तरुणांना तिने पहिल्यांदा स्वतःच्या गाडीचे मालक केले, ही तिची मोठी कामगिरी.

डिझेल आता अगदी दोन-चार किलोमीटरांच्या खेपेपर्यंत येऊन पोचले होते. त्याच २०१२ च्या जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे जाहीर केले. हा धूर महामार्गावर विरून जातो. बाजारपेठेच्या बोळात तो हमाल, फेरीवाले, दुकानदार आणि खुद्द टेम्पोवाल्याच्या छातीत जातो.

दरफरकाची दुसरी काळी बाजू महाराष्ट्राने पाहिली. रेशनचे रॉकेल डिझेलपेक्षाही स्वस्त, म्हणून भेसळीचा धंदा फोफावला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. लिटरमागच्या काही रुपयांच्या फरकात किती मोठे हितसंबंध गुंतले होते, हे त्या दिवशी साऱ्या राज्याला कळले.

पाने उलटली

जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही नियंत्रणमुक्त झाला. दोन इंधनांतले अंतर मिटत गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत, तिथल्या वाढीव करामुळे, डिझेल प्रथमच पेट्रोलपेक्षा महाग झाले.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशभर ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. इंधनातील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली. डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आली आणि अनेक गाड्यांना चालक ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात ते द्रावणही लागू लागले.

जवळच्या खेपेची खरी अडचण इथे उघडी पडली. गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकायची तर सायलेन्सरकडे जाणारा वायू साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि गाडी काही वेळ सलग चालावी लागते. महामार्गावर हे सहज घडते. मंडई ते दुकान अशा फेरीत गाळणीची सफाई सुरू होते न होते तोच गाडी बंद होते. असे वारंवार झाले की गाळणी तुंबते. सफाईसाठी अनेक इंजिनांत जादा इंधन फवारले जाते. त्यातले काही सिलिंडरच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. जुने डिझेल इंजिन जवळच्या खेपेत शहराच्या हवेला त्रास देई. नवे स्वतःलाच देऊ लागले. धुराचे बिल पहिल्यांदाच मालकाच्या हाती आले.

कंपन्यांनी हिशोब लगेच ओळखला. मारुतीने २०१६ मध्ये ‘सुपर कॅरी’ ही छोटी मालगाडी ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह आणली होती. २०२० पासून ती पेट्रोल आणि सीएनजीवरच उरली. टाटांनी ‘एस’मध्ये पेट्रोलचे इंजिन दिले आणि २०२२ मध्ये विजेवरची ‘एस’ आणली. २०२५ मध्ये आलेली ‘एस प्रो’ पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि वीज या रूपांत मिळते, डिझेलमध्ये नाही. मात्र त्याच वर्षी टाटांनीच युरियाची गरज नसलेली डिझेलची ‘एस गोल्ड प्लस’ही बाजारात आणली. तालुक्याहून जिल्ह्याला रोज शंभर-दीडशे किलोमीटर माल नेणाऱ्याला डिझेल अजून हवे आहे, आणि त्याच्यासाठी ते योग्यही आहे.

वरचा हिशोब पुन्हा घेतला तर हे स्पष्ट होते. दोन्ही इंधनांचा दर सारखा असताना वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणाऱ्या टेम्पोचे डिझेलमुळे साडेवीस हजार वाचतात. दिवसाला २० किलोमीटरच धावणाऱ्याचे जेमतेम दहा हजार. डिझेल गाडीची जास्त किंमत, त्यावरचे व्याज आणि गाळणीची निगा यांत ती बचत सहज बुडते. रोजचे शंभर किलोमीटर असतील तर तीच बचत पन्नास हजारांवर जाते आणि इंजिनही नीट तापते. म्हणून गाडी घेणाऱ्याने पंपावरचा दर पाहण्याआधी आपली रोजची धाव मोजावी, आणि एका दमात किती किलोमीटर होते तेही पाहावे.

धोरण आखणाऱ्यांसाठीही यात काही आहे. आज वीज आणि सीएनजी यांच्या बाबतीत कर, अनुदान आणि सवलती यांचा तोच ओढा पुन्हा तयार होत आहे. डिझेलच्या वेळी शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या स्वस्त दराने शहरातल्या मालगाड्यांचे इंजिन ठरवले, आणि ते बदलायला निम्मे शतक लागले. दर बदलायला एक रात्र पुरते. त्या दराच्या भरवशावर हप्ते भरणाऱ्याची गाडी मात्र दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर असते.