आर्टरी: नावात हवा, नळीत रक्त

फौजेत प्रथमोपचार शिकवताना एक गोष्ट मनावर ठसवतात: जखमेतून लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळत असेल तर आर्टरी तुटली आहे, क्षणही दवडू नका. आज त्या आर्टरीच्या नावाबद्दल बोलू, कारण त्या नावाचा मुळात रक्ताशी संबंध नव्हता.

इंग्रजी शब्द आला लॅटिन 'आर्टेरिया'वरून आणि लॅटिनने तो घेतला ग्रीककडून. ग्रीकमध्ये तो श्वासनलिकेसाठी वापरत. 'हवा राखणारी' अशी त्याची फोड जुन्या काळी केली जाई. मग तो रक्तवाहिनीला कसा चिकटला? मृतदेह उघडला की या नळ्या बहुधा रिकाम्या दिसत. मृत्यूनंतर त्यांच्या जाड, लवचिक भिंती आकसतात आणि रक्त शिरांकडे सरकतं. पण पाहणाऱ्यांनी तर्क केला की आत हवाच असणार.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात नाव कमावलेला एरासिस्ट्रेटस याच मताचा. आर्टरी कापली की रक्त येतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो म्हणे, आधी हवा निसटते आणि तिची जागा घ्यायला शिरांतलं रक्त धावतं. युक्तिवाद असा की खोडायचा कसा?

तो खोडला दुसऱ्या शतकात गॅलेनने. पेर्गामॉन शहरात ग्लॅडिएटरांच्या जखमा बऱ्या करणारा हा वैद्य. त्याने जिवंत प्राण्याची आर्टरी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधला भाग कापला. बाहेरून रक्त यायची वाट बंद, तरी आत रक्तच निघालं.

नाव मात्र बदललं नाही. श्वासनलिकेला ग्रीकमध्ये 'खडबडीत आर्टेरिया' म्हणू लागले. त्यातल्या 'खडबडीत' या विशेषणाचंच पुढे 'ट्रेकिया' झालं. आपली 'धमनी'ही अशीच. तिच्या मुळाशी 'फुंकणे' अर्थाचा संस्कृत धातू आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख फुंकले जातात ते याच धातूने. म्हणजे दोन्ही भाषांत रक्ताच्या नळीच्या नावात वारा भरलेला आहे.

मला यातला सैनिकी धडा मोलाचा वाटतो. लढाईनंतर रिकामा मोर्चा पाहून 'इथे कुणी नव्हतंच' असा अहवाल देणारा अधिकारी एरासिस्ट्रेटसच्याच वाटेने जातो. त्या मोर्चात कोण होतं, हे लढाई चालू असतानाच पाहावं लागतं.