सुईण व प्रसूतितज्ज्ञ (कर्जत–खालापूर)

रायगड जिल्ह्यातील या दोन तालुक्यांतील गरोदरपणाच्या देखभालीच्या दोन परंपरा. ठाकूर-कातकरी वाड्यांवरची सुईण पोट चाचपून बाळाचे डोके कोठे आहे ते ओळखते, कळा सुरू झाल्यावर धीर देते, बाळंतपणानंतर तेल लावून शेक-शेगडी करते. हे कसब मोलाचे आहे. मात्र झटके किंवा अतिरक्तस्राव आवरणे तिच्या हातचे नाही. तेथे रक्त, शस्त्रक्रिया आणि प्रसूतितज्ज्ञच हवेत. रस्ता नसलेल्या वाडीवरून पावसाळ्यात गरोदर बाईला झोळीत घालून खाली आणावे लागते, तेव्हा वेळ हाच मोठा धोका ठरतो. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेपासून दवाखान्यातील बाळंतपणावर भर आला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.