पाण्याचे मनोरे : गंज, उच्छ्वास आणि टाकी

१/
पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा मागे पडले की जिते हे छोटेसे स्थानक लागते. पेण-रोह्याच्या या पट्ट्यात गावाची चाहूल देवळाच्या कळसाप्रमाणेच उंच टाकीवरूनही लागते. खांबांवर उभी सिमेंटची टाकी, तिच्यावर ग्रामपंचायतीचे नाव, आणि 'टाकीपाशी वळा' ही वाट सांगण्याची सर्वमान्य रीत. पाण्याची उंच वास्तू ही वस्तीची खूण ठरण्याची परंपरा मात्र सिमेंटच्या कितीतरी आधीची आहे.

२/
दख्खनच्या शहरांत पाण्याचे मनोरे काही शतकांपूर्वीही उभे होते. विजापूर, औरंगाबाद आणि पुणे ही त्यांची तीन ठळक उदाहरणे. दिसायला ते आजच्या टाकीचे पूर्वज वाटतात. त्यांचे काम मात्र पुष्कळदा नेमके उलटे होते. आजची टाकी नळाला दाब मिळावा म्हणून उंच बांधतात. जुना मनोरा नळातील दाब आवरण्यासाठी उंच बांधलेला असे. हा फरक ध्यानात आला की त्या पडक्या बुरुजांचा अर्थ उलगडू लागतो.

३/
आरंभ विजापूरपासून. आदिलशाहीची ही राजधानी उघड्या, कोरड्या पठारावर वसलेली. मोठी नदी जवळ नाही, पाऊस बेताचा, आणि तटाच्या आत वाढत जाणारी प्रचंड लोकवस्ती. पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५५७-१५८०) पश्चिमेकडील तोरवीहून पाणी आणण्याची व्यवस्था झाली. तेवढेही अपुरे पडू लागले, तेव्हा मुहम्मद आदिलशहाने १६५१ मध्ये शहराच्या दक्षिणेस बेगम तलाव बांधविला. तेथून खापरी नळांनी पाणी शहरात येऊ लागले.

४/
खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ. एकात एक बसवलेले, सांधे चुन्याने भरलेले, वरून पुन्हा चुना-दगडाचे आच्छादन. हे नळ टिकाऊ असत, पण त्यांचे एक वैर होते ते दाबाशी. उगम उंचावर आणि शहर खाली असेल तर बंद नळातील पाण्याचा दाब उताराबरोबर वाढत जातो. पातळीत १० मीटरचा फरक पडला की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. लोखंडी नळ तो सहज सोसतो. मातीच्या नळाचा सांधा उकलतो.

५/
विजापूरच्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे 'गंज'. नळाच्या वाटेवर ठरावीक ठिकाणी २५ ते ४० फूट उंचीचे चौकोनी मनोरे त्यांनी उभारले. आलेला नळ मनोऱ्यात वर चढे आणि माथ्यावरच्या उघड्या कुंडात पाणी ओती. कुंड उघडे असल्यामुळे नळात साठलेला दाब तेथेच संपे. पुढचा नळ त्याच कुंडातून खाली उतरे आणि त्याच्या दाबाची मोजणी नव्याने सुरू होई. उगम कितीही उंच असला तरी पुढच्या नळावर भार पडे तो केवळ या मनोऱ्याच्या उंचीचा.

६/
एकाच वास्तूत आणखी दोन कामे साधत. कुंडात पाणी क्षणभर विसावे, त्यामुळे वाहून आलेला गाळ तळाशी बसे आणि वरचे स्वच्छ पाणी पुढे जाई. शिवाय नळात कोंडलेल्या हवेलाही बाहेर पडायला वाट मिळे. बंद नळाच्या उंचवट्यावर हवा अडकली की पाणी पुरेसे असूनही प्रवाह मंदावतो, हे आजच्या कोणत्याही नळकारागिराला ठाऊक असते.

७/
या मनोऱ्यांना घुमट नाहीत, कोरीव सज्जे नाहीत. गोलघुमट पाहायला आलेल्या प्रवाशाची नजर त्यांच्यावर क्वचितच ठरते. तरी ज्या शहरात गोलघुमटासारखी वास्तू उभी राहिली, त्या शहराची तहान भागविण्यात या साध्या बुरुजांचा वाटा मोठा होता. राजधानीचे वैभव जितके घुमटात, तितकेच नळात असते.

८/
दुसरे शहर खडकी. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास ती वसविली. पुढे ते औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर. हबश देशात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला हा मुत्सद्दी मोगलांशी झुंजणारा सेनानी म्हणून ओळखला जातो. नगररचनाकार म्हणून त्याची स्मृती जपते ती 'नहर-ए-अंबरी'. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या दगडी नहरीतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही योजना.

९/
या शहरात पुढेही अशा नहरी होत गेल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नहर पाणचक्कीची. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात १८व्या शतकात ती आकारास आली. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी खापरी नळांनी येते, उंच भिंतीत चढविले जाते आणि तेथून कोसळून चक्कीचे पाते फिरविते. त्या जात्यावर दर्ग्यातील फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. विजापूरने उंचीचा उपयोग दाब मोडण्यासाठी केला. येथे तीच उंची कामाला जुंपली गेली.

१०/
तिसरे शहर पुणे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरात बांध घालून पाणी अडविण्यात आले. तेथून चुन्या-दगडाचा बंदिस्त नळ शनिवारवाड्यापर्यंत आणला गेला. हा नळ म्हणजे नळी नव्हे, माणूस आत उतरून चालू शकेल असा भुयारी मार्ग आहे. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावाहून, तर रास्त्यांनी कोंढव्याकडून स्वतंत्र नळ आणले. पेशवाईतील पुण्याची वाढ समजून घ्यायची तर पेठांच्या यादीइतकेच या नळांकडे पाहावे लागते.

११/
कात्रजच्या नळावर अंतराअंतराने दगडी मनोरे आहेत. त्यांचे नाव 'उच्छ्वास'. मराठीतील तांत्रिक शब्दांत इतका नेमका शब्द क्वचितच सापडेल. भुयारात कोंडलेली हवा येथून बाहेर पडे, म्हणजे नळ श्वास सोडी. नळात उतरून गाळ काढण्याची आणि पाहणी करण्याची सोयही येथूनच होई. जमिनीखालून जाणारा, डोळ्यांना न दिसणारा नळ कोठून गेला आहे, हे वर उभ्या असलेल्या उच्छ्वासांची ओळ सांगत असे.

१२/
नळ शहरात शिरला की पाणी हौदांत पडे. वाड्यांचे हौद खासगी, पेठांचे सार्वजनिक. नळ बंद पडले, कित्येक हौद बुजले, पण नावे राहिली. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही आजही पुण्यातील पत्त्यांची नावे आहेत. ऑक्टोबर १८९० मध्ये ज्या मिशनमधील चहापानावरून टिळक, रानडे आदी मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला, त्या मिशनचे नावही 'पंचहौद'च. पाण्याची वास्तू नष्ट होऊनही तिची खूण भाषेत उरते ती अशी.

१३/
येथे एक प्रश्न टाळता येत नाही. हे पाणी कोणाचे होते? नळ कितीही कुशलतेने बांधलेला असो, हौदाच्या काठावर जातीची रेघ होती. ज्या हौदावरून शहर पत्ता सांगे, त्यातून घागर भरण्याचा अधिकार शहरातील सर्वांना नव्हता. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. पाण्याच्या इतिहासात त्या घरगुती हौदाचे स्थान पेशव्यांच्या नळाहून तसूभरही कमी नाही.

१४/
हाच प्रश्न पुढे आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात उभा ठाकला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे जाहीरही केले. तरी प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले. उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ उजाडले.

१५/
दरम्यान तंत्र पालटले होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळांनी मुंबईत आले. पुण्यासाठी १८७९ पर्यंत खडकवासल्याचे धरण उभे राहिले. ओतीव लोखंडाचे नळ आले, पंप आले. दाब आता शत्रू उरला नाही, हवाहवासा झाला. कारण मजल्यांवर पाणी चढवायचे होते. मनोऱ्याची भूमिका उलटली ती येथे. पंपाने पाणी उंच टाकीत चढवायचे आणि तेथून स्वतःच्या वजनाने घरोघर उतरू द्यायचे, ही नवी रीत.

१६/
जगभर हेच घडत होते. शिकागोतील १८६९ चा जलमनोरा आतल्या उभ्या नळाने पंपाचे धक्के शोषून घेत असे. १८७१ च्या महाभयंकर आगीतून तो वाचला आणि शहराचे मानचिन्ह ठरला. आपल्याकडे कोलकात्याची टाला टाकी १९११ मध्ये सुरू झाली. सुमारे ११० फूट उंच पोलादी खांबांवर ९० लाख गॅलन पाणी पेलणारी ही टाकी जगातील मोठ्या उंच टाक्यांत गणली जाते. पोलादामागोमाग सिमेंट आले आणि तीच कल्पना गावोगाव पोहोचली.

१७/
नवे आले म्हणून जुने निरुपयोगी ठरले काय? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले. पुराने अर्धे शहर बुडाले आणि त्याच वेळी नळाचे पाणी थांबले. ज्या विहिरींकडे आणि हौदांकडे पुण्याने पाठ फिरविली होती, त्यांची आठवण शहराला तेव्हा झाली. एकाच धरणावर, एकाच वाहिनीवर विसंबलेले शहर किती असहाय असते, याचा तो धडा होता.

१८/
तो धडा जुना झालेला नाही. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जाते. त्याच तालुक्याच्या खारेपाटातील गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची वेळ वर्षानुवर्षे अनुभवली आहे. भरतीचे खारे पाणी दारात आणि पिण्याचे पाणी लांब, अशी ही भूमी. तेथे गावात टाकी उभी आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तिच्यात पाणी किती दिवसांनी चढते, हा खरा प्रश्न असतो.

१९/
गंज, नहरी आणि उच्छ्वास यांच्यापुढचे संकट वेगळे आहे. किल्ला पडला तर हळहळ होते, कारण तो किल्ला आहे हे सर्वांना कळते. उच्छ्वास मात्र रस्त्याच्या कडेचा निरर्थक खांब वाटतो. रुंदीकरणाच्या आराखड्यात तो अडथळा ठरतो, आणि पाडल्यावर कोणाच्या लक्षातही येत नाही. एक मनोरा गेला की त्याखालून जाणाऱ्या नळाचा एक दुवा नकाशावरून पुसला जातो.

२०/
असे मनोरे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. तटबंदीपासून तुटलेला, एकटा बुरुज. आत राहण्यास जागा नाही. भिंतीत उभ्या खाचा किंवा खापरी नळाचे तुकडे. माथ्यावर कुंडाचा अवशेष. आणि त्याच रेषेत काही अंतरावर तसाच दुसरा. ही रेषा चढाच्या दिशेने धरत गेले की शेवटी एखादा झरा, बांध किंवा तलाव सापडतो. जुन्या शहराला पाणी कोठून मिळाले हे तो तलाव सांगतो. ते कोणाला मिळाले नाही, हे मात्र हौदाच्या काठावरच विचारावे लागते.