आरपीएम पॅकेजबांधणी परिसर

आरपीएम पॅकेजबांधणी परिसर म्हणजे लिनक्सवरील सॉफ्टवेअरच्या मूळ संहितेपासून आरपीएम स्वरूपाचे पॅकेज तयार करण्यासाठी वापरकर्त्याने स्वतःच्या खात्यात उभारलेली निर्देशिका, साधने व मांडण्यांची व्यवस्था होय. फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स व ओपनसुसे ही वितरणे आरपीएम स्वरूप वापरतात. डेबियन व उबंटू यांचे पॅकेज-स्वरूप वेगळे असून तेथे याच कामासाठी पीबिल्डर, एसबिल्ड ही साधने आहेत.

रचना

फेडोरामध्ये ‘आरपीएमडेव्हटूल्स’ हे पॅकेज बसवून ‘आरपीएमडेव्ह-सेटअपट्री’ ही आज्ञा दिली असता वापरकर्त्याच्या गृहनिर्देशिकेत ‘आरपीएमबिल्ड’ नावाची निर्देशिका तयार होते. तिच्यातील ‘सोर्सेस’मध्ये मूळ संहिता व दुरुस्त्या, तर ‘स्पेक्स’मध्ये स्पेक धारिका ठेवतात. बांधणी ‘बिल्ड’मध्ये होते, तयार पॅकेजे ‘आरपीएमएस’ व ‘एसआरपीएमएस’ यांत जमा होतात. स्पेक धारिका हा या व्यवस्थेचा गाभा आहे. पॅकेजचे नाव, आवृत्ती, परवाना, बांधणीस लागणारी साधने, बांधणीच्या आज्ञा आणि बदलांची नोंद हे सर्व तिच्यात असते. वैयक्तिक मांडण्या गृहनिर्देशिकेतील ‘.आरपीएममॅक्रोज’ या धारिकेत लिहितात. पॅकेजकर्त्याचे नाव, स्वाक्षरीची जीपीजी किल्ली आणि मुख्य निर्देशिकेचा मार्ग दाखवणारा ‘_टॉपडिर’ यांचा त्यांत समावेश होतो.

रूट खात्याने बांधणी न करण्याचे कारण

पूर्वी रेड हॅटच्या वितरणांत बांधणीची जागा ‘यूएसआर’ निर्देशिकेतील ‘एसआरसी/रेडहॅट’ येथे असे. तेथे लिहिण्यासाठी रूट अधिकार लागत, म्हणून अनेक जण सर्व काम रूट खात्यातूनच उरकत. ही सवय घातक होती. स्थापनेच्या टप्प्यात धारिका ‘बिल्डरूट’ या तात्पुरत्या निर्देशिकेत जाणे अपेक्षित असते. स्पेकमध्ये तो मार्ग द्यायचा राहिल्यास रूट खात्यातून चालवलेली बांधणी त्या धारिका चालू प्रणालीवरच लिहिते, आणि पुसण्याची आज्ञा चुकल्यास प्रणालीच्या धारिका नष्ट होऊ शकतात. सामान्य खात्यातून तीच चूक केली तर ‘परवानगी नाही’ असा संदेश येऊन काम थांबते. म्हणजे येथे अधिकारांचा अभाव हाच चूक उघडी पाडतो.

स्वच्छ बांधणी

स्वतःच्या संगणकावर पॅकेज तयार झाले, एवढ्याने स्पेक बरोबर ठरत नाही. याचे जवळचे उदाहरण ‘लोहित’ या फाँटकुलाचे आहे. लोहित, म्हणजे संस्कृतात तांबडा, हे नाव रेड हॅटला साजेसेच. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकने मुळात घडवलेले हे फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले. २०११ पासून ते एसआयएल मुक्त फाँट परवान्याखाली आहेत. त्यांच्या मूळ धारिकांपासून वापरण्याजोगा फाँट फाँटफोर्ज या साधनाने तयार होतो. फाँटचे काम करणाऱ्याच्या संगणकावर फाँटफोर्ज असतेच. त्यामुळे स्पेकमधील ‘बिल्डरिक्वायर्स’ या ओळीत त्याचा उल्लेख राहिला तरी त्याच्याकडे बांधणी बिनतक्रार होते, आणि दुसऱ्याच्या संगणकावर अडते.

असे दोष शोधण्यासाठी ‘मॉक’ वापरतात. मॉक मोजक्या पॅकेजांची एक विलग प्रणाली नव्याने उभारते, तिच्यात स्पेकमध्ये सांगितलेलीच साधने बसवते आणि बांधणीच्या वेळी जाळ्याशी संपर्क सहसा बंद ठेवते. फेडोराची ‘कोजी’ ही मध्यवर्ती बांधणी-व्यवस्थाही मॉकच वापरते; म्हणून घरी मॉकमधून सुटलेले पॅकेज तेथे अडण्याची शक्यता कमी असते. मात्र मॉक चालवण्यासाठी वापरकर्त्यास ‘मॉक’ या समूहात घ्यावे लागते, आणि या समूहाच्या सदस्याला रूट अधिकार मिळवता येतात. सामायिक संगणकावर, विशेषतः शाळा-महाविद्यालयांत, हे सदस्यत्व सरसकट देणे योग्य नाही.

मराठी फाँटच्या पॅकेजची तपासणी बांधणी यशस्वी झाल्यावरही संपत नाही. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’, तसेच ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र नीट उमटतो की नाही, हे कोणतेही बांधणी-साधन सांगत नाही. ते पॅकेज बसवून डोळ्यांनीच पाहावे लागते.