‘कुष्ठ’: अन्वय, संसर्ग आणि असाध्यता

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे सात वर्ग सांगितले आहेत. त्यांतील पहिला ‘आदिबलप्रवृत्त’, म्हणजे मातापित्यांच्या शुक्रशोणितातील दोषांपासून उद्भवणारा; त्याची उदाहरणे म्हणून कुष्ठ व अर्श यांची नावे येतात. त्याच संहितेच्या निदानस्थानात मात्र कुष्ठाची गणना स्पर्श, सहभोजन इत्यादींमुळे एकापासून दुसऱ्यास जडणाऱ्या रोगांत केलेली आहे. या संज्ञेत अठरा त्वग्रोग येत असल्यामुळे आजच्या कुष्ठरोगाशी तिचा सर्वस्वी मेळ बसत नाही; तथापि अन्वय व संसर्ग ही दोन्ही कारणे एकाच ग्रंथात नोंदली जावीत, ही गोष्ट लक्षणीय होय.

युरोपात हाच वाद एकोणिसाव्या शतकात झाला. नॉर्वेतील डॅनियलसेन व बोएक यांनी १८४७ साली हा रोग आनुवंशिक मानला. पुढे डॅनियलसेन यांचेच जामात झालेले हॅन्सेन यांना १८७३ साली त्याचा जंतू आढळला. बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूचा प्रतिकार करण्याची निसर्गदत्त शक्ती असते व तिच्या न्यूनाधिक्यात जनुकांचा वाटा असतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले. वारशाने येते ती रोगप्रवणता. रोग जडण्यास जंतू आणि रोग्याचा दीर्घ सहवास लागतो.

महाराष्ट्रात मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, तर बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापून या रोग्यांच्या सेवेस वाहून घेतले. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘घराण्यात महारोग आहे’ हे वाक्य टिकून राहिले, आणि त्यापायी निरोगी भावंडांचे विवाहही अडत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली संयुक्त औषधोपचाराची शिफारस केली व सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होऊ लागला. तरीही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे एक कारण म्हणून आलेला ‘असाध्य’ कुष्ठरोगाचा उल्लेख २०१९ पर्यंत कायम होता.

‘आनुवंशिक’ या शब्दापासून ‘असाध्य’ हा अर्थ काढणेही युक्त नव्हे. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा खरोखरच आनुवंशिक विकार. परंतु हायड्रॉक्सियुरियाने त्याच्या वेदना कमी होतात, आणि २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत त्यावरील जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता मिळाली. तो उपचार अत्यंत महागडा असल्याने आपल्याकडील रोग्यांच्या आवाक्याबाहेर आहे, हे खरे. पण ही अडचण द्रव्याची आहे. तिचा दोष वंशाच्या माथी मारता येणार नाही.