लांबलचक फ्रेंच शब्द कसा वाचायचा? ‘कळवा’ म्हणता येतं ना, मग जमेल!

अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलंय आणि तोंडी परीक्षेत लांब शब्द दिसला की जीभ अडखळते? शब्दाचे तुकडे, म्हणजे सिलेबल, पाडता आले की काम सोपं होतं. नियम पाहूया.

१) दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्यात जातं: का-ना-पे (सोफा).

२) दोन व्यंजनं असतील तर मधून तोडा: पार्-तीर (निघणं). पण दुसरं व्यंजन ‘ल’ किंवा ‘र’ असेल तर सहसा जोडी फोडायची नाही: ता-ब्लो (फळा, चित्र). आपण ‘पत्र’चा उच्चार ‘पत्त्र’ करतो, तसं इथे ‘ताब्ब्लो’ करू नका.

३) मधला ‘ई’ बरेचदा गळतो. आपण ‘क-ळ-वा’ अशी तीन अक्षरं लिहितो, बोलतो मात्र ‘कळ्-वा’. शनिवारचा फ्रेंच शब्दही असाच: स्पेलिंग एस-ए-एम-ई-डी-आय, उच्चार ‘साम्-दी’. पण शुक्रवारच्या ‘वाँ-द्र-दी’मध्ये हा ‘ई’ हलक्या ‘अ’सारखा टिकतो. तो गाळला तर द-र-द एकमेकांवर आदळतील.

४) जोर शेवटच्या तुकड्यावर, तोही हलकासा. बाकीचे तुकडे सारख्याच वेगाने म्हणा. इंग्रजीसारखा मध्येच हेल नको.

आता मोठा मासा. ‘घटनाबाह्य रीतीने’ या अर्थाचा एक प्रसिद्ध फ्रेंच शब्द २५ लेटरचा आहे, पण बोलताना तुकडे फक्त आठ: आँ-ती-काँस्-ती-त्यू-स्यो-नेल्-माँ. शेवटून सराव करा: आधी ‘माँ’, मग ‘नेल्-माँ’, मग ‘स्यो-नेल्-माँ’. ‘त्यू’ म्हणताना जीभ ‘ती’ची ठेवा आणि ओठ ‘तू’सारखे गोल करा.

मोबाईलवर असं तपासा

• गुगल ट्रान्सलेटमध्ये फ्रेंच भाषा निवडा, शब्द टाका आणि स्पीकरवर टॅप करा.

• फ्रेंच विक्शनरीत तोच शब्द शोधा. उच्चाराच्या चिन्हांमधली टिंबं म्हणजे तुकड्यांच्या सीमा.

• आधी स्वतः तुकडे पाडा, मगच ऐका. नुसतं ऐकून पाठ केलेला शब्द परीक्षेत कामी येईल, पण नवीन शब्द समोर आला की पुन्हा अडायला होईल.

कळवा ते ठाणे हे एका स्टेशनचं अंतर रोज एका शब्दाला पुरतं. इअरफोन मात्र लावा!