तबकडी गेली, खेळ राहिला

आपली बॅच घडली त्याच काळात, २७ नोव्हेंबर १९९८ रोजी, सेगा कंपनीने जपानमध्ये ‘ड्रीमकास्ट’ हा गेम कन्सोल बाजारात आणला. साध्या सीडीवर ७०० मेगाबाइटपर्यंत मजकूर मावे. सेगाने यामाहाच्या साथीने काढलेल्या ‘जीडी-रॉम’ तबकडीवर साधारण १ गिगाबाइट. घरच्या संगणकावर तिची नक्कल करता येऊ नये, हाही त्यामागचा हेतू होता. मार्च २००१ मध्ये कन्सोलचे उत्पादन थांबले.

ड्रीमकास्टच्या चिप्स आजही चालतात. थकतो तो ड्राइव्ह. लेझर मंदावतो, फिरणारे भाग झिजतात. म्हणून एका हौशी तंत्रज्ञाने ‘जीडीईएमयू’ नावाचा छोटा बोर्ड तयार केला. ड्राइव्ह काढून तो त्याच कनेक्टरवर बसतो. कन्सोल तबकडीवरचा अमुक भाग मागतो. बोर्ड तो एसडी कार्डावरच्या फाइलमधून काढून देतो. प्रश्नोत्तरांची भाषा तीच असल्याने पलीकडे तबकडी नाही, हे कन्सोलला कळतच नाही. संगणकाच्या आतले बरेचसे जग याच विश्वासावर चालते.

यातली गंमत अशी, की नक्कल होऊ नये म्हणून घडवलेल्या तबकडीतला खेळ आज नकलेमुळेच टिकून आहे. ज्यांनी वेळेत उतरवून ठेवले, त्यांच्यामुळे.

आपल्याही कपाटांत लग्नाच्या, गॅदरिंगच्या सीडी पडून असतील. ड्राइव्ह चालतोय तोवर त्या उतरवून घ्या. काही आवाज आता फक्त तिथेच उरले आहेत.